परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी कोणती पात्रता? : एक आढावा

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतून, दरवर्षी इंग्रजी विषय घेतलेले पदवीधर बाहेर पडतात. त्यांतले बरेचजण पुढे एमए करतात, काही बीएड करतात. परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे असेल तर नेमके कोणते शिक्षण घ्यावे, हा प्रश्न या मुलामुलींकडून हल्ली वारंवार येतो. उत्तरे भरपूर मिळतात, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. बीएड कॉलेजात एक सांगतात, आयईएल्टीएसच्या क्लासमध्ये दुसरे. दुबईतला मामेभाऊ तिसरेच सांगतो आणि मोबाइलवरची जाहिरात म्हणते, १२० तासांचे ऑनलाइन प्रमाणपत्र घ्या, जग खुले आहे.

ही उत्तरे वेगळी असण्याला कारणे आहेत. ती कुठून आली, कोणत्या देशात कोणते लागू पडते आणि कोणत्या बाबतीत अजून कोणाकडेच ठाम उत्तर नाही, हे क्रमाने पाहायचे आहे. या निवडीत एका तरुण माणसाची दोन-तीन वर्षे आणि घरच्यांचे लाख-दोन लाख रुपये गुंतलेले असतात, म्हणून प्रश्न घाईने उरकण्यासारखा नाही.

प्रश्न आत्ताच का?

मे २०१२ मध्ये महाराष्ट्रात शिक्षकभरतीवर निर्बंध आले. भरतीचा मार्ग ‘पवित्र’ पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी यांतून पुन्हा खुला झाला, पण पहिली चाचणी २०१७ च्या डिसेंबरात आणि दुसरी थेट २०२३ मध्ये झाली. निवड झालेल्यालाही आधी तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. त्यांचे मानधन २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये करण्यात आले. तोपर्यंत ते सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान होते. महाविद्यालयांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षे शिकवणारे नेट-सेट झालेले प्राध्यापक प्रत्येक तालुक्यात आहेत. विनाअनुदानित संस्थांची अवस्था वेगळी सांगायला नको.

दुसरे कारण इंग्रजीच्या प्रसाराचे आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात खेर सरकारच्या काळात इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे, नंतर ती पाचवीवर आली आणि २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली ती पिढी आता नोकरीच्या वयात आहे. तिला इंग्रजीचा धाक कमी आहे आणि परदेश ही आवाक्यातली गोष्ट वाटते.

भारतीय शिक्षकाने परदेशी जाणे यात नवे काही नाही. हाइले सेलासी यांच्या इथिओपियात विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतीय शिक्षकांची मोठी फौज होती, भूतानच्या आधुनिक शाळाही सुरुवातीला भारतीय शिक्षकांच्या बळावर उभ्या राहिल्या. त्या काळी पदवी आणि अनुभव पाहून सरकारे शिक्षक नेत. आज मधे व्हिसाचे नियम, परवाने आणि प्रमाणपत्रांची बाजारपेठ आली आहे.

दोन वेगळ्या परंपरा

आजचा गोंधळ समजून घ्यायचा तर शिक्षक-प्रशिक्षणाच्या दोन परंपरा वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

पहिली परंपरा शाळेच्या शिक्षकाची. आधी विषयाची पदवी, मग बीएड. आपल्याकडे बीएड दीर्घकाळ एक वर्षाचे होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचे केले आणि त्यात एकूण २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता घातली. सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, टाचणे, इंग्रजीची अध्यापन पद्धती हा सगळा क्रम छात्राध्यापकांच्या पिढ्यांना पाठ आहे. या परंपरेत इंग्रजी हा शाळेतल्या अनेक विषयांपैकी एक विषय आहे. मानसशास्त्र, मूल्यमापन, शिक्षणाचे समाजशास्त्र यांना तितकीच जागा असते.

इंग्रजीच्याच शिक्षकासाठी खास प्रशिक्षण देण्याचा भारतीय प्रयत्नही जुना आहे. १९५८ मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली. तीच पुढे सीआयईएफएल आणि २००७ मध्ये इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, म्हणजे इफ्लू, झाली. या संस्थेच्या संचालकपदी काम केलेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक त्याआधी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इंग्रजी शिकवणाऱ्याला इंग्रजी साहित्याची पदवी पुरत नाही, भाषा कशी शिकली जाते याचे वेगळे ज्ञान लागते, ही या संस्थेमागची धारणा होती. इफ्लूचे इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम याच धारणेतून आले.

दुसरी परंपरा प्रौढांना भाषा शिकवणाऱ्या खासगी संस्थांची. १९६२ मध्ये, ज्या वर्षी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, लंडनमध्ये जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट यांनी इंटरनॅशनल हाउस या संस्थेत शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग घेतला. संस्थेला शिक्षक लवकर हवे होते आणि येणाऱ्या तरुणांना इंग्रजी येत होते पण शिकवता येत नव्हते. म्हणून तत्त्वचर्चा कमी आणि प्रत्यक्ष वर्गात उभे राहणे जास्त, असा त्याचा बाज होता. हा नमुना पुढे रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने स्वीकारला, १९८८ मध्ये तो केंब्रिजच्या परीक्षा मंडळाकडे गेला आणि १९९६ पासून सेल्टा या नावाने ओळखला जाऊ लागला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे सर्ट-टीसॉल हे त्याच तोलाचे दुसरे प्रमाणपत्र.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की एक गोष्ट उलगडते. बीएड हे शाळेत मुलांना शिकवण्याच्या परवान्याच्या दिशेने जाते आणि सेल्टा हे भाषा-संस्थेत प्रौढांना शिकवण्याच्या कौशल्याकडे. कोणते श्रेष्ठ असे विचारले की उत्तर मिळत नाही. काम कुठे करायचे आहे ते ठरले की मिळते.

देशादेशांचे नियम

भारतीय उमेदवाराच्या दृष्टीने जगाचे ढोबळ तीन भाग पडतात.

पहिला भाग आखात आणि मालदीव. इथे भारतीय शिक्षकाला मागणी आहे आणि ती प्रामुख्याने शाळांत आहे. भारताबाहेर सीबीएसईशी संलग्न दोनशेहून अधिक शाळा असून त्यांतल्या बहुतेक आखातात आहेत. या शाळांना हवी असते ती विषयाची पदवी, बीएड आणि काही वर्षांचा अनुभव. सेल्टा असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही. मालदीवमध्ये शिक्षणाचे माध्यमच इंग्रजी असल्यामुळे तिथल्या शाळा दीर्घकाळ भारतीय शिक्षक नेत आल्या आहेत, आणि तिथेही पदवीसोबत अध्यापनाची पात्रता पाहिली जाते. दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या पदवीची समकक्षता मिळवताना मात्र काही आखाती देशांत अडचण येते. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी हे आधीच तपासावे.

दुसरा भाग पूर्व आणि आग्नेय आशिया. जाहिराती सर्वांत जास्त इथल्या, आणि भारतीयांसाठी अटीही सर्वांत जाचक इथल्याच. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांपुरता आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतासाठी एक दार आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापक आर्थिक भागीदारी करारानुसार पदवी आणि शिक्षकाची अधिकृत पात्रता असलेला भारतीय तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होऊ शकतो. म्हणजे या दारातून आत जायला बीएड लागते, टेफलच्या, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या, प्रमाणपत्राने ते उघडत नाही.

जपानमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकाने किमान बारा वर्षे इंग्रजी माध्यमातून शिक्षण घेतलेले असावे, अशी व्हिसाची अट आहे. गारगोटी किंवा कागलच्या मराठी शाळेतून दहावी होऊन पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीतून केलेल्या मुलीची अकरावीपासून बीएडपर्यंतची वर्षे मोजली तरी सातच भरतात. तिचे इंग्रजी कितीही चांगले असले तरी हे गणित बदलत नाही. चीनमध्ये भाषा-शिक्षकाने आपली मातृभाषाच शिकवावी असा सर्वसाधारण दंडक आहे. शिवाय जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळाबाह्य शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याचा एक मोठा बाजार जवळजवळ रातोरात आटला. थायलंड तुलनेने मोकळा आहे. तिथे फिलिपिनो आणि भारतीय शिक्षक बऱ्याच संख्येने आहेत. पण मातृभाषा इंग्रजी नसलेल्याला टोइकसारख्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात, आणि दीर्घकाळ शिकवायचे तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी उपयोगी पडते.

तिसरा भाग खुद्द इंग्रजी भाषक देश. इंग्लंडने १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी नऊ देशांच्या शिक्षकांना तिथल्या पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी, म्हणजे क्यूटीएससाठी, थेट अर्ज करायची मुभा दिली. भारतीयांसाठी ही मुभा गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती आहे, आणि भाषा म्हणजे तिथे फ्रेंच, स्पॅनिश यांसारख्या परकीय भाषा. त्यामुळे या बातमीने सर्वांत जास्त हुरळला तो इंग्रजीचा शिक्षक, आणि लाभ झाला तो भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला. अमेरिकेत जे-१ या विनिमय व्हिसावर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असलेले परदेशी शिक्षक शाळांत येतात. मुदत तीन वर्षांची, फार तर पाचपर्यंत वाढणारी, आणि शिवाय त्या त्या राज्याची परवाना-प्रक्रिया वेगळी.

हे नियम बदलत असतात. अर्ज करण्याआधी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत.

चार भूमिका

बीएड आधी. या भूमिकेचे लोक सांगतात की परवाना देणाऱ्या बहुतेक व्यवस्था शिक्षणशास्त्राच्या विद्यापीठीय पदवीला ओळखतात आणि चार आठवड्यांच्या प्रमाणपत्राला दुय्यम मानतात. आखात, मालदीव, कोरियाचा करार ही उदाहरणे त्यांच्या बाजूची आहेत. परतल्यावरही बीएड कामाला येते, हा मुद्दा कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरात वजनदार ठरतो. यावर आक्षेप असा की अनेक बीएड महाविद्यालयांत पाठ निरीक्षण नावापुरते होते. इंग्रजीचा सराव पाठसुद्धा मराठीतून समजावून सांगितला जातो आणि छात्राध्यापकाचे बोलणे सुधारत नाही. २० आठवड्यांची आंतरवासिता कागदावर भक्कम आहे, पण तिची गुणवत्ता महाविद्यालयागणिक बदलते.

सेल्टा किंवा ट्रिनिटी आधी. सेल्टामध्ये किमान १२० तासांचे प्रत्यक्ष शिक्षण, खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास निरीक्षणाखाली अध्यापन, अनुभवी शिक्षकांचे सहा तासांचे वर्गनिरीक्षण आणि चार लेखी निबंध असतात. प्रत्येक तासानंतर प्रशिक्षक आणि सहाध्यायी मिळून चिकित्सा करतात, आणि बाहेरचा परीक्षक येऊन दर्जा तपासतो. ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. उमेदवाराला काही तास एक पूर्ण अनोळखी भाषा शिकावी लागते आणि त्या अनुभवाची नोंद लिहावी लागते. शिकणाऱ्याची घालमेल त्यातून कळते. दोन्ही प्रमाणपत्रे ब्रिटनच्या पात्रता-चौकटीत पाचव्या पातळीवर आहेत. यातून गेलेले शिक्षक आवर्जून सांगतात की महिनाभरात वर्गातले आपले बोलणे निम्म्याने कमी झाले आणि विद्यार्थ्यांचे वाढले. आक्षेप तीन आहेत. फी लाखाच्या पुढे जाते. प्रवेशासाठी इंग्रजी अतिशय वरच्या दर्जाचे, सी-१च्या वरच्या टोकाचे किंवा सी-२ पातळीचे लागते. आणि डझनभर प्रौढांच्या वर्गात शिकलेले तंत्र साठ मुलांच्या वर्गात कितपत चालेल, ही शंका राहते. २०२० नंतर हा अभ्यासक्रम ऑनलाइनही करता येतो, त्यामुळे मोठ्या शहरात मुक्कामाचा खर्च वाचला आहे.

पदव्युत्तर अभ्यास आधी. इफ्लूसारख्या संस्थेतून इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर शिक्षण, किंवा परदेशी विद्यापीठातली टीसॉलची एमए. या भूमिकेचा भर टिकाऊपणावर आहे. विद्यापीठांतल्या भाषा-केंद्रांत, अभ्यासक्रम आखण्याच्या आणि शिक्षक घडवण्याच्या कामांत पुढे अशी पदवीच मागतात. केंब्रिजचे डेल्टा आणि ट्रिनिटीचे डिप-टीसॉल ही सातव्या पातळीची, अनुभवी शिक्षकांसाठीची पात्रता याच रांगेत बसते. आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. एक गैरसमजही इथे दूर करायला हवा. इंग्रजी साहित्यातली एमए आणि इंग्रजी अध्यापनातली एमए या वेगळ्या गोष्टी आहेत. शेक्सपिअर आणि हार्डी उत्तम शिकलेल्या माणसाला कोरियन किंवा अरबी भाषकाला क्रियापदाचे काळ कसे शिकवावेत, हे शिकावेच लागते.

ऑनलाइन टेफल आधी. काही हजार रुपयांत, घरबसल्या, १२० तासांचे प्रमाणपत्र. बाजू मांडणारे म्हणतात की काही देशांच्या कायद्यात एवढेच मागितले आहे, सुरुवात करायला पुरते, आणि ग्रामीण भागातल्या मुलीला तेच परवडते. हे म्हणणे खोटे नाही. अडचण अशी की या क्षेत्रावर जगभरात कोणतीही एक नियामक संस्था नाही. मान्यता देणाऱ्या खासगी संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मान्यतेचे मोल वेगवेगळे आहे. १२० हा आकडा सेल्टाच्या तासांशी जुळतो, पण त्या तासांतला प्रत्यक्ष अध्यापनाचा भाग यातल्या बहुतेक अभ्यासक्रमांत नसतो. उमेदवार व्हिडिओ पाहतो, प्रश्नावली सोडवतो आणि एकाही विद्यार्थ्यासमोर उभा न राहता प्रमाणपत्र घेतो.

मातृभाषेचा प्रश्न

या चारही भूमिकांवर सावली पडते ती एका जुन्या वादाची : इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तोच तिचा चांगला शिक्षक का? १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. मातृभाषक शिक्षकच आदर्श, हे तिथल्या मांडणीतले एक सूत्र होते. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअ‍ॅलिझम’ या ग्रंथात या सूत्राला भ्रम ठरवले. हंगेरीच्या पीटर मेदजेश यांनी १९९४ मध्ये वेगळी, समतोल मांडणी केली. मातृभाषक नसलेला शिक्षक भाषेच्या सहज वापरात कमी पडू शकतो, पण तो स्वतः ती भाषा शिकलेला असल्यामुळे विद्यार्थ्याच्या अडचणी आधीच ओळखतो, आणि यशस्वी शिकणाऱ्याचे जिवंत उदाहरण म्हणून वर्गात उभा असतो.

आपल्या दृष्टीने जवळचा वाद ब्रज काचरू आणि रँडॉल्फ क्वर्क यांचा. काचरूंनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली. भारत त्यांतल्या मधल्या वर्तुळात येतो. इथली इंग्रजी ही स्वतःच्या नियमांची, स्वतंत्र प्रतिष्ठेची भाषा आहे, असे काचरूंचे म्हणणे. शिकणाऱ्याला एक प्रमाण रूपच हवे असते आणि ते न देणे हा त्याच्यावरच अन्याय, असे क्वर्क यांचे. नव्वदच्या सुमारास ‘इंग्लिश टुडे’ या नियतकालिकात ही चर्चा रंगली. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. टीसॉल या आंतरराष्ट्रीय शिक्षक संघटनेने १९९१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये मातृभाषेच्या आधारे भेदभाव करू नये असे ठराव केले.

विद्वानांत हा वाद बऱ्याच अंशी एका बाजूला झुकला आहे, व्हिसाच्या कायद्यांत मात्र नाही. कोरियाचे सात देश आणि जपानची बारा वर्षे आजही तशीच आहेत. कोणतेही प्रमाणपत्र पासपोर्टचा रंग बदलू शकत नाही. सेल्टाची अ श्रेणी मिळवलेला इचलकरंजीचा तरुण आणि टेफलचा साधा ऑनलाइन कोर्स केलेला कॅनडाचा तरुण यांच्यात सोलचा खासगी क्लास दुसऱ्यालाच घेऊ शकतो, कारण पहिल्याला तो व्हिसाच मिळत नाही. यात अन्याय आहे, आणि पात्रता निवडताना तो गृहीत धरावाच लागतो.

पद्धतीचा वाद

आपल्याकडे कितीतरी पिढ्या तर्खडकर भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. वाक्याला वाक्य लावणे, नियम आणि अपवाद पाठ करणे हा तिचा मार्ग. पुढे रचनानुसारी पद्धत आली, मग संवादाधिष्ठित. सेल्टा-ट्रिनिटीची घडण संवादाधिष्ठित पद्धतीवर आहे आणि वर्गात शिकणाऱ्यांच्या मातृभाषेला तिथे फारसे स्थान नसते.

या चर्चेत भारताचे एक स्वतंत्र योगदान आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर प्रकल्पात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांत मोठ्या वर्गांना कृतींमधून इंग्रजी शिकवून पाहिले. व्याकरण थेट न शिकवता मुलांना विचार करायला लावणारी कामे द्यायची, भाषा त्यातून येते, अशी त्यांची धारणा. कृतीवर आधारित भाषा-अध्यापनाच्या जागतिक इतिहासात हा प्रकल्प आजही पायाभूत मानला जातो. प्रभूंनीच १९९० मध्ये असे मांडले की सर्वोत्तम अशी एक पद्धत नसते. शिकवताना हे का आणि कसे घडते आहे याबद्दल शिक्षकाची स्वतःची जिवंत समज असणे महत्त्वाचे. बी. कुमारवडिवेलू यांनी पुढे पद्धतींच्या पलीकडे जाण्याची गरज सविस्तर मांडली.

याचा प्रशिक्षण निवडण्याशी थेट संबंध आहे. पाठाचे ठरावीक साचे देणारा अभ्यासक्रम सुरुवातीला धीर देतो. पण रियाधमधला किशोर, बँकॉकमधली नर्स आणि माले इथला दुसरीतला मुलगा यांना एकाच साच्यात शिकवता येत नाही. ज्या प्रशिक्षणात आपला तास कोणीतरी पाहतो, तो का फसला याची चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे लागते, तिथे ही समज तयार व्हायला वाव मिळतो. असा वाव चांगल्या बीएड महाविद्यालयात मिळू शकतो, सेल्टात मिळतो, फक्त व्हिडिओच्या कोर्समध्ये मिळत नाही.

कागदपत्रे आणि मध्यस्थ

पात्रता मिळवणे एक आणि ती परदेशात ग्राह्य धरली जाणे दुसरे. अपोस्टील करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे. कोरिया, जपान, ओमान, बहारीन आणि २०२२ पासून सौदी अरेबिया या सदस्य देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश सदस्य नाही, त्यामुळे तिथे राज्य पातळीवरची पडताळणी, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाची वकिलात अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पदवी प्रमाणपत्र पदवीदान समारंभानंतर घ्यायचे राहून गेले असेल तर इथे महिने जातात. जन्मदाखला, गुणपत्रक आणि पासपोर्टवरच्या नावांत फरक असेल, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांच्या बाबतीत, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. पोलीस पडताळणीचा दाखलाही बहुतेक देश मागतात.

परदेशी नोकरभरती करणाऱ्या मध्यस्थाची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते. नोंदणी खरी आहे का ते ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि अशा मध्यस्थाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. प्रमाणपत्र आणि नोकरी यांचे एकत्र पॅकेज देणाऱ्याकडे हे दोन प्रश्न आधी विचारावेत. पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ, असे सांगणाऱ्याकडे थांबूच नये.

काय अनिर्णित आहे

पहिला अनिर्णित मुद्दा बीएडच्या भवितव्याचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बीएड ही शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे. आज दोन वर्षांचे बीएड करणाऱ्याची पदवी परदेशी परवाना मंडळे पुढच्या दशकात कोणत्या नजरेने पाहतील, हे आत्ता सांगता येत नाही.

दुसरा मुद्दा ऑनलाइन प्रशिक्षणाचा. पडद्यावर घेतलेला निरीक्षण पाठ आणि वर्गात घेतलेला पाठ यांना केंब्रिज समान मानते. सगळेच नियोक्ते समान मानतात असे नाही.

तिसरा मुद्दा मातृभाषेच्या अटींचा. शिक्षकांची टंचाई वाढली तर त्या सैल होतील, असे काहींना वाटते. यंत्रांच्या मदतीने भाषा शिकणे वाढले तर मागणीच घटेल, असे इतरांना. दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

चौथा मुद्दा आपल्या घरचा. परदेशासाठी तयार केलेला शिक्षक निघून गेला तर इथल्या शाळांचे काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांची तळमळ खरी आहे. तसेच, तीन-चार वर्षांनी परतणारा शिक्षक सोबत जे कौशल्य आणतो त्याचा उपयोग करून घेणारी जागा आपल्या व्यवस्थेत आज कुठेही नाही.

निवड कशी करावी

या सगळ्यातून एक क्रम निघतो. आधी देश ठरवावा, मग तिथे शाळा की भाषा-संस्था हे ठरवावे, मग तिथला व्हिसा आणि परवाना काय मागतो ते पाहावे आणि शेवटी अभ्यासक्रमाची फी भरावी. आज बहुतेकजण या क्रमाच्या उलट जातात : आधी फी, मग शोध.

भारतीय नागरिक म्हणून, आणि विशेषतः मराठी माध्यमातून आलेला उमेदवार म्हणून, बीएड हाच सर्वांत जास्त दारे उघडणारा पाया आहे. नियमांचा आढावा हेच सांगतो. बीएड आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव असणाऱ्याने प्रौढांच्या संस्थांत जायचे असेल किंवा स्वतःचे शिकवणे खरोखर सुधारायचे असेल, तर सेल्टा किंवा ट्रिनिटीवर खर्च करावा. तो वाया जाणार नाही. या पेशातच आयुष्य काढायचे असेल त्याने इफ्लूसारख्या संस्थेकडे पाहावे. ऑनलाइन टेफल, एखाद्या देशाच्या कायद्याने नेमके तेच मागितले असेल तरच घ्यावे, आणि त्याला कौशल्य समजू नये.

संस्थांनाही एक विनंती आहे. शिवाजी विद्यापीठाने आणि कोल्हापुरातल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी मिळून परदेशी अध्यापनाच्या नियमांची अद्ययावत माहिती देणारा एक सल्ला कक्ष सुरू करावा, आणि इंग्रजी पद्धतीच्या प्रत्येक छात्राध्यापकाला निदान सहा तास खरोखर निरीक्षणाखाली, इंग्रजीतून, चिकित्सेसह शिकवायला लावावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे अनुदानही लागत नाही. त्यातला जो शिक्षक परदेशी जाईल त्याला त्याचा उपयोग होईलच, आणि जो इथेच राहील त्याच्या वर्गातल्या मुलांना त्याहून जास्त होईल.